माहितीपत्रक लिहिणारा माणूस हवा आहे

मध्यंतरी एका मित्राचा फोन आला. इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा मित्र. पुण्यात छोटा कारखाना आहे त्याचा, पाठीवरचे चार्जिंगचे फवारणी पंप बनवतो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अरे, तू ते मॅन्युअल वगैरे लिहायचं काम करतोस ना? मला एक बरा माणूस शोधून दे. पंपाचं माहितीपत्रक नीट लिहून घ्यायचंय."

मी म्हटलं, "एवढी वर्षं काय करत होतास?"

"एवढी वर्षं जुनंच छापत होतो. पण यंदा पंप परत यायला लागलेत."

तर झालं असं होतं की, विदर्भातल्या दुकानदारांकडून पंप परत येत होते. सगळ्यांची तक्रार एकच, बॅटरी मेली. पंपात बारा व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी असते. ती रिकामी करून तशीच महिनोन्‌महिने ठेवून दिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. आमच्याकडचा कास्तकार धानावरची शेवटची फवारणी झाली की पंप माळ्यावर टाकतो तो थेट पुढच्या पावसाळ्यात काढतो. बॅटरी मरणारच. मित्र म्हणाला, "पण पत्रकात लिहिलंय रे आम्ही!" आणि त्याने मला ते वाक्य वाचून दाखवलं.

"दीर्घकालीन साठवणुकीपूर्वी विद्युतघट पूर्णतः प्रभारित करून ठेवावा व नियतकालिक पुनर्प्रभारण करावे."

आता सांगा, यात चूक काय आहे? काहीच नाही. व्याकरण शुद्ध, माहिती बरोबर. फक्त ज्याच्या हातात पंप आहे त्याला 'प्रभारित' म्हटलं की प्रभारी मुख्याध्यापक आठवतो, एवढंच. :-)

मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही. त्याचं कारण माझा मामा.

मामा मुलचेऱ्याचा, म्हणजे तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमचं आजोळच ते. नातेवाईक मंडळींना ही गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी धानावर तुडतुडे आले म्हणून मामा बांधीत फवारत होता. मध्येच नोझल चोंदलं. त्याने ते काढलं, तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. त्या दिवशी दोन-तीनदा असं केलं. संध्याकाळी गरगरायला लागलं, मग उलट्या, तोंडातून लाळ. मामेभावाने मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं होतं? बाटली आणली का? सोबतचा कागद?" बाटली धुऱ्यावर, आणि कागद तर बाटलीच्या खोक्यासकट दुकानातच फेकला होता. मामा वाचला. लक्षणं पाहून डॉक्टरांनी ओळखलं म्हणून वाचला.

पुढे कधीतरी मी त्याच्या पंपाचं पत्रक शोधून पाहिलं (मित्राच्या कंपनीचं नव्हे, दुसऱ्याच). सूचना सतरावी, मुंगीएवढ्या अक्षरात : "नोझल तोंडाने फुंकू नये." होती सूचना. मामाला दाखवली तर तो शांतपणे म्हणाला, "फुकू नोको म्हन्ते, मंग करू काय? ते तं सांगतच नाई."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. मी एवढी वर्षं सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहून पोट भरतोय, पण कागदावर काय लिहायचं याबद्दल इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. 'करू नका' लिहिलं की कंपनीची जबाबदारी संपते. माणसाची अडचण मात्र तिथेच उभी असते, चोंदलेलं नोझल हातात धरून.

आता कुणी म्हणेल, कायदा नाही का? आहे ना. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. औषधाच्या प्रत्येक पुडक्यात पत्रक हवं, ते इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत हवं, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा हे सगळं त्यात हवं, असं नियमातच आहे. बाटलीवर तो टोकावर उभा केलेला चौकोन असतो पाहा, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात कमी विषारी तो हिरवा. नियम करणाऱ्यांनी चांगलाच विचार केला होता, वाचता न येणाऱ्यालाही रंग कळावा म्हणून. पण हे रंग दुकानाच्या काउंटरवर समजावून कोण सांगतं? सिग्नलचे रंग पाहून मोठा झालेला माणूस पिवळा पाहून 'जरा जपून' एवढंच समजेल. प्रत्यक्षात पिवळा हा लालच्या खालोखालचा, त्यावरही 'विष' असंच लिहिलेलं असतं. आणि हिरवा पाहून 'बिनधास्त' समजेल, तेही खरं नाही.

२०१७ साली यवतमाळमध्ये काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली पराटी, जोरदार फवारा मारणारे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवण्याची सवय, अंगावर ना मास्क ना हातमोजे, अशी कारणं पुढे आली. सगळा दोष कागदाचा होता असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण त्या प्रत्येक घरात कुठे ना कुठे एक पत्रक आलेलं असणार, नियमाप्रमाणे सगळं लिहिलेलं. आणि ते कुणाच्या कामी आलं नाही.

असो. तर मित्राला हवा होता माणूस.

मी माझ्या पद्धतीने शोधायला लागलो. ओळखीत विचारलं, रेझ्युमे मागवले. पुण्यात टेक्निकल रायटर काही कमी नाहीत, आयटी कंपन्यांमध्ये ही आता नेहमीची नोकरी आहे. पण गंमत अशी की ज्यांना यंत्र कळतं ते इंग्रजीत लिहितात आणि ज्यांना मराठी येतं त्यांना यंत्राच्या जवळ कुणी जाऊ देत नाही. आपल्याकडे पद्धत कशी? इंजिनिअर इंग्रजीत चार पानं खरडतो, ती भाषांतराच्या एजन्सीकडे जातात, तिथे कुणीतरी परिभाषा कोश उघडून बसतो, आणि पंप ज्याने आयुष्यात पाहिला नाही तो माणूस शब्दामागे पैसे घेऊन 'पुनर्प्रभारण' लिहितो. त्या बिचाऱ्याची तरी काय चूक? त्याला कुणी पंप दाखवलाच नाही.

शेवटी तीन नावं उरली. मी तिघांकडे एकेक पंप खोक्यासकट पाठवला आणि सांगितलं, "माझ्या मामासाठी एक पान लिहा. तीन दिवस घ्या. या कामाचे पैसे मिळतील, निवड झाली किंवा नाही झाली तरी." (हे शेवटचं माझ्या मित्राला फारसं पटलं नव्हतं. पण फुकट परीक्षा घेणाऱ्याकडे चांगला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.)

पहिला उमेदवार सॉफ्टवेअर कंपनीतला, अनुभव दांडगा. त्याने दुसऱ्याच दिवशी देखणं पान पाठवलं. ठळक मथळे, क्रमांक, सावधानतेच्या चौकटी. मी विचारलं, "पंप चालवून पाहिलास?" म्हणाला, "नाही, खोक्यातल्या जुन्या पत्रकावरून लिहिलं." खोकं त्याने फोडलं होतं ते पत्रकापुरतंच.

दुसरे गृहस्थ मराठीचे एम.ए., मुद्रितशोधनाचं काम करणारे. शुद्धलेखनाला हात लावायला जागा नाही. सुरुवात : "सदर यंत्राचा वापर करण्यापूर्वी..." पुढे काय असणार हे मला आणि तुम्हाला माहीत आहे.

तिसरी एक मुलगी. ती कशी सापडली ते सांगायलाच हवं. दिवाळीत मी आजोळी गेलो होतो, मामेभावाबरोबर मुलचेऱ्यातल्या एका कृषी केंद्रात गेलो. काउंटरवर ही. घरी बंगाली बोलणारी. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आमच्या तालुक्यात वसवली गेली, त्यांच्यातली तिसरी पिढी. शाळा मराठीतून, नंतर कृषी पदविका. एक म्हातारा कास्तकार बाटली हातात घेऊन उभा होता. बाटलीवर लिहिलेलं हेक्टरी पाचशे मिली, पाचशे लिटर पाण्यात. ही त्याला म्हणाली, "बाबा, हेक्टर सोडा. एका लिटरला एक मिली. तुमचा पंप सोळाचा, म्हणजे एका पंपाला सोळा. झाकणाने मोजू नका, या बाटलीचं झाकण मोठं आहे, मागच्या वेळच्या बाटलीचं लहान होतं." आणि खोकल्याच्या औषधाचं असतं तसलं खुणांचं छोटं माप तिने ड्रॉवरमधून काढून त्याला दिलं, सोळाच्या खुणेवर पेनाने रेघ मारून. पुढचा गिऱ्हाईक आला, त्याच्याशी बंगालीत सुरू. त्याच्यामागे एक माडिया बाई होती, तिच्याशी मोडक्यातोडक्या माडियात.

मी तिथेच उभा राहून ऐकत राहिलो. मामेभाऊ कंटाळला. मला मात्र वाटलं, जे काम मी एसीत बसून करतो तेच ही उभ्याने करतेय, तेही तीन भाषांत, आणि हिच्या कामाला नावसुद्धा नाही.

तर तिलाही पंप पाठवला. तीन दिवसांनी पान आलंच नाही. आले एकोणीस प्रश्न. वहीच्या कागदावर लिहून, फोटो काढून. त्यातले थोडे देतो :

चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला की लगेच काढायचा का? आमच्याकडे रात्री लाइट जाते, सकाळी येते, मग चार्ज झाला की नाही ते कसं ओळखायचं?

टाकीच्या तोंडाची गाळणी इतकी बारीक आहे की पाणी हळू जातं. लोक ती काढून भरतील. मग नोझल चोंदेल. दुसरी गाळणी मिळेल का?

भरलेला पंप वीस किलोच्या आसपास होतो. बाई एकटी असली तर पाठीवर कसा घ्यायचा? धुऱ्यावर ठेवून?

नोझल तोंडाने फुंकू नये लिहिलंय. मग कशाने साफ करायचं? सोबत काही देता का?

चौथा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या मामाला ती ओळखतही नव्हती.

मित्राला कागद दाखवला. तो म्हणाला, "हिला लिहायला सांगितलं होतं, ही तर माझीच परीक्षा घेतेय!" मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नोझलला ब्रश देता येईल. काही रुपयांचं काम आहे. सुचलंच नाही कधी."

माझं मत बनलं ते इथे. चांगला माहितीपत्रक लिहिणारा माणूस भाषेवरून ओळखू नका, तो विचारत असलेल्या प्रश्नांवरून ओळखा. कारण जे वाक्य लिहिता लिहिता अडतं, तिथे बहुतेक वेळा यंत्रातच काहीतरी राहून गेलेलं असतं. नुसता भाषांतरकार ती अडचण जड शब्दाखाली झाकतो. खरा लिहिणारा ती उचलून मालकाच्या टेबलावर ठेवतो. म्हणून त्याला सगळं बनवून झाल्यावर, छपाईच्या आदल्या आठवड्यात बोलवायचं नसतं.

हे काही मीच शोधून काढलेलं नाही. आमच्या गडचिरोलीतच याचं फार मोठं उदाहरण आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं, त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास ते मोजायला हवं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्याला पन्नास. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर 'प्रशिक्षणार्थींची शैक्षणिक पात्रता अपुरी' असा अहवाल लिहून मोकळं झालं असतं. यांनी श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बस्स. दहापर्यंत तर कुणालाही मोजता येतं. यंत्र आणि त्याचं माहितीपत्रक एकाच लाकडी पट्टीवर! पुढे याच संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीची पद्धत बसवली, पाचवी-दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना शिकवून. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निबंध आला, नवजात मृत्यूदर बासष्ट टक्क्यांनी कमी झाल्याचा. २०११ पासून देशभरातल्या 'आशा' ताई त्याच धर्तीवर घरोघरी जातात.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं, आमच्या तालुक्यातल्या बंगाली मंडळींच्या जुन्या मुलखातलं. 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे एक कोटी वीस लाख घरांत जाऊन बायकांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. ना ग्रॅम, ना मिली. पण मला सगळ्यात आवडली ती पगाराची पद्धत. शिकवणाऱ्या बाईला किती घरं केली यावर सरसकट पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जाऊन विचारायचा, काय लक्षात आहे? आईला जेवढं आठवेल, जमेल, तेवढा मोबदला शिकवणारीला.

आता हे आपल्याकडच्या दराशी ताडून पाहा. माझा मित्र म्हणाला होता, "पानामागे काय द्यायचं?" मी म्हटलं, बाबा रे, पानामागे दिलेस तर ती बारा पानं लिहील. तुला हवीत चार. आठ पानं गाळायची अक्कल हेच तर तिचं कौशल्य, आणि तू त्याच्याच पैशाला कात्री लावणार? शब्दावर, पानावर पैसे देणं म्हणजे चांगल्या लिहिणाऱ्याला दंड करणं आहे. कामाचे द्या, दिवसाचे द्या, आणि जमलं तर थोडे राखून ठेवा, पुढच्या हंगामात पंप कमी परत आले तर द्यायला.

तिकडे अमेरिकेत आयबीएममधल्या जॉन कॅरोल यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवलं. ऑफिसातली माणसं नवं यंत्र शिकताना जाडजूड पुस्तक वाचत बसत नाहीत, सरळ कामाला हात घालतात आणि अडली की शोधतात. म्हणून पुस्तक बारीक हवं, कामाभोवती रचलेलं हवं आणि चूक झाल्यावर काय करायचं ते त्यात हवं. मामाच्या भाषेत, "मंग करू काय?"

आणि मराठीला हे नवीन आहे असं कुणी समजू नये. किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. त्याच्यातूनच पुढे महाराष्ट्रातलं एक मोठं मासिक उभं राहिलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. नव्याने संसार मांडणाऱ्या किती मुली तिच्यावर स्वयंपाक शिकल्या, कारण तिच्यात वाटी-चमच्याचं माप होतं, 'अंदाजाने' नव्हतं. माझ्या आईची प्रत हळदीने पिवळी झालेली आहे. माहितीपत्रक चांगलं आहे की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही. पान मळलेलं आहे का?

हल्ली एक नवा आक्षेप येतो. मित्रानेही घेतला. "हे सगळं आता चॅटजीपीटीकडून होतं ना? दोन मिनिटांत मराठी, बंगाली, काय हवं ते." होतं की. मीही वापरतो. आधीच्या 'पुनर्प्रभारणा'पेक्षा बरं मराठी मिळतं, हे कबूल. पण तुम्ही त्याला जुनं पत्रक देणार, ते जुनं पत्रकच सोपं करून देणार. 'नोझल तोंडाने फुंकू नका' हे वाक्य ते सुंदर लिहील. सोबत ब्रश का नाही, हे विचारायला कुणीतरी आधी बांधीत उभं राहिलेलं असावं लागतं. ते माणूस नेमून झाल्यावर त्याच्या हाताखाली यंत्र खुशाल द्या.

दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या कारखानदाराला परवडतं का? मी मित्राला परत आलेल्या पंपांच्या बॅटऱ्यांचा हिशेब काढायला लावला. पुढे तो खर्चाबद्दल बोलला नाही.

तर त्या मुलीला काम दिलं. तीन महिन्यांचं, कृषी केंद्राची नोकरी सांभाळून. चार पानं झाली. जाड प्लास्टिकवर छापलेली, ओली झाली तरी फाटणार नाहीत अशी, पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेली. त्याच दोरीला ब्रश. बॅटरीच्या 'नियतकालिक पुनर्प्रभारणा'चं तिने काय केलं माहीत आहे? लिहिलं, "पंप वापरात नसेल तेव्हाही पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय तृतीया : सणाला पंप चार्जिंगला लावा." दर दोनेक महिन्यांनी एक सण येतोच! बंगालीत लिहिताना तिने हेच वाक्य भाषांतरित केलं नाही, दुर्गापूजेपासून पोइला बैशाखपर्यंत वेगळे सण घातले. हे कुठल्या एजन्सीने केलं असतं?

सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. नोझल फुंकणाऱ्या माणसाचं चित्र काढून त्यावर तिने लाल फुली मारली होती. ते घेऊन ती एका माडिया म्हाताऱ्याकडे गेली. त्याने नीट पाहिलं आणि सांगितलं, "याला दवाखान्यात न्यायला सांगतात." लाल फुली म्हणजे दवाखान्याची गाडी! ती हसत हसत परत आली आणि चित्रच बदललं. आता फुंकणारा माणूस नाही, नुसता ब्रशने नोझल घासणारा हात आहे. माडियात तर तिने लिहिलंच नाही, कारण वाचणार किती जण? एका बाईच्या आवाजात पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं. पंप विकताना दुकानदार ते मोबाइलवर ऐकवतो आणि पाठवतो. आमच्याकडे नेटवर्क कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून दुकानातच.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली नाही. पत्रकाच्या शेवटी तिचं नाव घाला असं मी म्हणत होतो. स्वयंपाकाच्या पुस्तकावर नाव असतं, मग पंपाच्या पुस्तकावर का नको? मित्र म्हणाला, "उगाच लोक तिलाच फोन करतील." मी ते तिला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, तसेही ते मलाच विचारतात." नाव अजून घातलेलं नाही. मी सोडणार नाही.

परवा मामाकडे गेलो होतो. नवा पंप पडवीत खुंटीला. दोरीला पत्रक, दोरीला ब्रश. मी विचारलं, "मामा, वाचलं का रे ते?" तो म्हणाला, "नाई ब्वा, कोन वाचते?" मी जरा हिरमुसलो. मग ब्रश हातात घेऊन पाहिला. त्याचे केस एका बाजूने झिजले होते.

लांबलं फारच. जाता जाता एवढंच, घरात माळ्यावर एखादा पंप असेल तर होळी जवळ आलीय, चार्जिंगला लावा. :-)